अर्ज टेबलावर ठेवण्याआधी

कोणत्या कामाचा अर्ज कोणाकडे द्यायचा, याबद्दल आपण गेल्या काही भागांत बोललो. ते भाग झाल्यावर आलेल्या फोनांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येत होता. अर्ज लिहिता येतो, पण तो शुद्ध आहे की नाही हे कसं कळायचं? काही जणींनी पुढे हेही विचारलं, की नसला शुद्ध तर बिघडतं काय? तेव्हा आजचा भाग शुद्धलेखनाचा. रेडिओवर आम्हाला ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ असं फोडून सांगावं लागलं होतं. इथे छापून दाखवता येतं, ही मोठी सोय.

बिघडतं काय, याचं उत्तर आधी देतो. खरं म्हणजे काही बिघडू नये. नळाला पाणी येत नाही ही तक्रार एक वेलांटी चुकल्यानं खोटी ठरत नाही, आणि अर्ज घेणाऱ्यानं अक्षरांपेक्षा मजकूर बघावा हेच बरोबर. पण टेबलापलीकडे बसलेला माणूस आपल्याला ओळखत नसतो. त्याच्या हातात दिवसभर कागद येत असतात. आपण किती वर्षं गट चालवतो, हिशेब किती चोख ठेवतो, हे त्याला ठाऊक नसतं. त्याला दिसतात त्या फक्त ओळी. त्यांत चुका दिसल्या की ‘लिहिणारीनंच हे नीट वाचलेलं नाही’ असं तो ठरवून टाकतो, आणि मग स्वतःही नीट वाचत नाही. बाईच्या अर्जाला तर आणखी एक प्रश्न चिकटतो : ‘कोणाकडून लिहून घेतला?’ हा अन्याय आहे असंच आमचं मत आहे. पण तो दूर होईपर्यंत अर्ज घरात ठेवून भागत नाही. म्हणून कागदच असा करायचा, की त्या प्रश्नाला जागा उरू नये.

दुसरं कारण याहून पक्कं आहे. काही चुका नुसत्या दिसायला वाईट नसतात, त्या अर्थच बदलतात. ‘सभासदाने हप्ता भरला नाही’ आणि ‘सभासदांनी हप्ता भरला नाही’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात एकीचा हप्ता थकला आहे, दुसऱ्यात सगळ्या गटाचा. एका टिंबाचं काम आहे हे. गटाचं इतिवृत्त, म्हणजे आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो ते, बँकेत कर्जासाठी दाखवायचं असतं. तिथला माणूस वही वाचतो, आपल्या मनात काय होतं ते वाचत नाही. ८ मार्चला गावोगावी लागणारे फलकही आठवा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार. ‘जागतिक महिला दीन’ असं ठळक अक्षरांत रंगवलेलं कापड ज्या बाईच्या डोक्यावर लावलंय, तिचा सत्कार होतोय की कीव केली जातेय, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

नियमांकडे वळण्याआधी एक गाठ सोडवायला हवी. शुद्धलेखन म्हटलं की अनेक जणींना वाटतं, आपलं बोलणंच अशुद्ध आहे. कोणी ‘पानी’ म्हणते, कोणी ‘मी गेली होती’ म्हणते, आणि शहरातून आलेल्या माणसासमोर तोंड मिटून बसते. ही लाज आधी काढून टाका. बोली ही बोली आहे, चूक नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवून घेतली, १९५२ मध्ये ती पुस्तकात आली, आणि आली ती त्यांच्या खानदेशी बोलीतच. तिचा ‘ळ’ किंवा ‘ण’ कोणी सरळ करत बसलं असतं तर आपलंच नुकसान झालं असतं. तेव्हा बोलताना जसं येतं तसं बोला. अर्जाची भाषा वेगळी असते ती एवढ्यासाठी, की खानदेशातला, कोकणातला आणि मराठवाड्यातला वाचणारा, तिघांनाही तो कागद सारखाच कळावा. लुगडं नेसून शेतात जाताना काचा मारतो आणि लग्नाला जाताना वेगळं नेसतो, तसंच हे.

ही लिहिण्याची रीत ठरवली कोणी? मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. असे एकूण १८. त्याच्या आधी लोक ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असं लिहीत, डोक्यावर टिंब देऊन. त्या टिंबाचा उच्चार कोणी करत नव्हतं, म्हणून नव्या नियमांनी ती टिंबं काढून टाकली. त्यामुळे सासूबाईंच्या जुन्या कागदावर ‘नांव’ दिसलं तर ती चूक समजू नका. तो त्या काळचा नियम होता. आज आपण ‘नाव’ लिहायचं.

१८ नियम पाठ करायची गरज नाही. आमच्याकडे येणारे अर्ज, ठराव, जाहिराती बघितल्या तर बहुतेक चुका चार-पाच जागीच होतात. तेवढ्या जागा ओळखून ठेवल्या तरी कागद निम्म्याहून अधिक स्वच्छ होतो.

पहिली जागा शब्दाच्या शेवटी. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दुसरा, म्हणजे दीर्घ असतो. विनंती, समिती, परिस्थिती, प्रतिनिधी, गुरू, वस्तू. ‘अशी विनंती आहे की’ यातला ‘की’ दुसऱ्या वेलांटीचा, ‘ही विनंती’ मधली ‘ही’ पण दुसऱ्या वेलांटीची. अर्जांत सर्वांत जास्त चुकणारे शब्द कोणते म्हणाल तर हे दोनच, ‘कि’ आणि ‘हि’. याला अपवाद थोडे आहेत आणि त्यांतला रोजचा एक : ‘आणि’. त्याची वेलांटी पहिली. ‘तथापि’ हाही तसाच. आणखी एक बारकावा आहे. संस्कृतातून आलेला असा शब्द पुढच्या शब्दाला जोडला, की त्याची वेलांटी पुन्हा पहिली होते. ‘कृषी विभाग’ सुटं लिहिलं तर दुसरी, ‘कृषिमंत्री’ जोडून लिहिलं तर पहिली. ‘भूमी’ पण ‘भूमिपूजन’, ‘व्यक्ती’ पण ‘व्यक्तिगत’.

दुसरी जागा जास्त मजेची आहे, कारण इथे कान उपयोगी पडतो. ‘फूल’ म्हणताना आपण ‘फू’ लांबवतो, पण ‘फुलाला’ म्हणताना तो ‘फु’ आपोआप आखडतो. लिहिताना तेच करायचं. दूध–दुधाचे, पीक–पिकांना, पीठ–पिठाची, वीज–विजेचे, सून–सुनेला, मूल–मुलाला, जमीन–जमिनीचा, विहीर–विहिरीचे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली तेव्हा ‘बहीण’ हा शब्द अख्ख्या महाराष्ट्रानं लिहिला, आणि जिथे तिथे ‘बहिण’ दिसू लागलं. ‘बहीण’ दुसऱ्या वेलांटीची, तिला प्रत्यय लागला की ‘बहिणीला’, ‘बहिणीचे’ पहिल्या वेलांटीची. गावांच्या नावांचंही तसंच : मी सोलापुरात राहते, यात ‘पु’ पहिला. पण मी सोलापूरला जाते, यात शब्द न बदलता नुसता ‘ला’ जोडलाय, म्हणून ‘पू’ दुसराच राहतो. काही शब्दांत तर वेलांटी आखडून नाहीशीच होते. तारीख–तारखेला, कापूस–कापसाचा, लाकूड–लाकडाची. हे तुम्ही बोलताना कधीही चुकत नाही. ‘तारीखेला’ असं कोणी म्हणत नाही. फक्त लिहिताना हात घाबरतो.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र असे आखडत नाहीत. शरीर–शरीराला, परीक्षा–परीक्षेला, जीवन–जीवनात, मूल्य–मूल्याचे. कोणता शब्द संस्कृत हे ओळखायचं कसं, असं विचाराल तर सरळ सांगतो, याला आडवाट नाही. जे शब्द अर्जात वारंवार लागतात ते एका वहीच्या मागच्या पानावर बरोबर लिहून ठेवायचे. असे शब्द पन्नास-साठाच्या वर जात नाहीत. त्यांत हे असू द्या : महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व. या तिन्हींत ‘त’ दोनदा येतो, कारण ‘महत्’, ‘तत्’, ‘मत्’ यांतला एक ‘त’ आणि ‘त्व’ मधला दुसरा. ‘नेतृत्व’ मध्ये मात्र एकच. ‘उज्ज्वल’ मध्येही ‘ज’ दोनदा. ‘आशीर्वाद’ची वेलांटी दुसरी.

तिसरी जागा टिंबाची, म्हणजे अनुस्वाराची. एकापेक्षा जास्त माणसं किंवा वस्तू असतील आणि शब्दाला प्रत्यय लागला असेल, तर प्रत्ययाच्या आधीच्या अक्षरावर टिंब. महिलांना, घरांत, दिवसांपासून, हप्त्यांचे. आणि माणूस एकच असला तरी आपण त्याला मानानं संबोधत असू तर तिथेही टिंब : सरपंचांनी, ताईंना, डॉक्टरांकडे, साहेबांचे. ‘सरपंचाने सांगितले’ असं लिहिलं तर चूक नाही, पण त्यातला मान गेला. एखाद्या टिंबावरून समोरच्याला राग येऊ नये, पण येतो, आणि तो का आला हे आपल्याला कधी कळत नाही. टिंबं सगळ्यात शेवटी, एका स्वतंत्र वाचनात तपासायची, असं आम्ही सुचवतो.

चौथी जागा फोनवर लिहिणाऱ्यांची. ‘दुसर्या’, ‘शेतकर्यांना’, ‘पायर्या’ असं सर्रास दिसतं. बरोबर रूप ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘पायऱ्या’. फरक बोलून बघा. ‘सूर्य’ म्हणताना ‘सू’वर जोर येतो आणि जीभ अडते, ‘दुसऱ्या’ म्हणताना तसं होत नाही. जोर येत असेल तिथे वरचा रफार, येत नसेल तिथे हा आडवा, अर्धचंद्रासारखा ‘ऱ’. ‘आचार्यांना बोलावले’ म्हटलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हटलं तर स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. फोनच्या कीबोर्डवर हा ‘ऱ’ कुठे आहे ते एकदा मुलीला, नातवाला विचारून बघून ठेवा.

पाचवी गोष्ट कोणत्याच नियमाच्या पुस्तकात सापडायची नाही, पण आपल्यासाठी ती मोठी आहे. अर्जांचे नमुने जे हातोहात फिरतात, ते बहुतेक पुरुषांच्या नावानं लिहिलेले असतात. आपण नाव, गाव बदलतो आणि बाकी तसंच उतरवतो. मग अर्ज सुरू होतो ‘मी अर्ज करतो की’ असा, शेवटी येतं ‘आपला विश्वासू’, आणि खाली सही बाईची. वाचणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं, की हा उतरवलेला कागद आहे. ‘मी अर्ज करते’, ‘आपली विश्वासू’ लिहा. अनेक जणी मिळून देत असाल तर ‘आम्ही अर्ज करतो’ आणि ‘आपल्या विश्वासू’. दुसरी बाजूही बघा. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, कितीतरी सरपंच बायका आहेत, आणि त्यांना बायकांकडूनच ‘महोदय’ आणि ‘साहेबांनी’ असे अर्ज जातात. त्या ‘महोदया’ आहेत.

आता हे सगळं एका अर्जात बघू. पुढचा अर्ज आम्ही सरावासाठी बनवला आहे, पण असे अर्ज तुम्ही पुष्कळ पाहिले असतील.

‘विषय : पाण्याबाबत. महोदय, वरील विषयी विनंती अर्ज करतो कि आमच्या वस्तीत गेल्या बरेच दिवसापासून पाणि येत नाही महिलाना दुसर्या वस्तीवर जावे लागते विहीरीचे पाणी खराब आहे तरी साहेबानी योग्य ती कारवाई करावी हि विनंती. आपला विश्वासू.’

पेन्सिल घ्या आणि चुका शोधा. वर सांगितलेल्या सगळ्या जागा यात आहेत. त्यात आणखी एक : ‘कारवाई’. एखाद्या दोषी माणसाविरुद्ध पाऊल उचलतात ती कारवाई. काम पुढे नेतात ती कार्यवाही. पाणी सुरू करायचं असेल तर कार्यवाही मागायची. नळ मुद्दाम तोडणाऱ्याची तक्रार असेल तर कारवाई.

पण समजा, सगळ्या वेलांट्या, टिंबं सुधारली. तरी हा अर्ज पोकळच राहतो. कोणती वस्ती, किती घरं, कोणत्या तारखेपासून, आणि नेमकं हवंय काय, यांतलं काहीच त्यात नाही. ‘योग्य ती’ हे शब्द तर समोरच्याला मोकळं सोडतात. त्याला जे योग्य वाटेल ते तो करेल, किंवा काहीच करणार नाही. शुद्धलेखनावर बोलताना आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण नुसतं शुद्ध लिहून चांगली छाप पडत नाही. तोच अर्ज असा लिहून बघू :

‘विषय : वरच्या वस्तीतील सार्वजनिक नळाला ३ मार्चपासून पाणी येत नसल्याबाबत.
महोदया,
आमच्या वरच्या वस्तीत २२ घरे आहेत. वस्तीतील सार्वजनिक नळाला ३ मार्चपासून पाणी येत नाही. जवळच्या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य नाही. त्यामुळे महिलांना रोज दुसऱ्या वस्तीवरून पाणी आणावे लागते. नळ दुरुस्त होईपर्यंत टँकरने पाणी द्यावे आणि दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लेखी कळवावे, ही विनंती.
आपल्या विश्वासू,
सोबत : २२ घरांतील महिलांच्या सह्यांची यादी.’

वाक्यं लहान झाली, बघा. ‘तरी’, ‘सदर’, ‘सबब’ असे कचेरीचे शब्द कुठे लागले नाहीत. लांब वाक्यात कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे पडतं, आणि व्याकरण तिथेच घसरतं. दोन ओळींच्या वर वाक्य गेलं तर ते तोडा. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. या लेखात आम्ही ‘सांगितलं’, ‘केलं’ असं लिहितोय, कारण हे बोलणं आहे आणि बोलणं तसं लिहायला नियमांची परवानगी आहे. अर्जात आणि ठरावात मात्र ‘सांगितले’, ‘केले’, ‘घरे’ असं लिहायचं. एकाच कागदात अर्धं असं आणि अर्धं तसं नको.

ठरावाबद्दल दोन शब्द. ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणजे एकीचाही विरोध नव्हता. ‘बहुमताने मंजूर’ म्हणजे काही जणींचा होता. सवयीनं प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं, आणि पुढे भांडण झालं की विरोध करणारीला तिचा विरोध कागदावर सापडत नाही. हे व्याकरण नाही, पण शब्द नीट निवडणं म्हणजे हेच. रकमा आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा : रु. १५,०००/- (अक्षरी रुपये पंधरा हजार फक्त). ‘फक्त’ हा शब्द शोभेचा नाही. त्याच्यामुळे पुढे कोणाला काही वाढवता येत नाही. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळी अक्षरांत लिहिताना भल्याभल्यांची गफलत होते, तेव्हा आकडा आणि अक्षर जुळतंय का ते दुसरीकडून बघून घ्या.

आता नावं. इथे शुद्धलेखनाचा नियम उलटा फिरतो. ‘सुनीता’ हे रूप व्याकरणानं बरोबर. पण आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर ‘सुनिता’ असेल, तर अर्जातही ‘सुनिता’च लिहायचं. नाव सुधारायचं नाही, जुळवायचं. इंग्रजी स्पेलिंगचंही तेच. ‘लक्ष्मी’ कोणी एक्स घालून लिहितं, कोणी के-एस-एच घालून, आणि दोन कागदांवर दोन तऱ्हा असल्या की पैसे अडकतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा दुरुस्तीला जाताना बाकीचे सगळे कागद समोर ठेवून, कोणतं रूप कायम करायचं ते घरी ठरवून जा. घरात बाळ येणार असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा. राज्याच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. म्हणजे आईच्या नावातली चूक आता मुलाबरोबर शाळेपासून नोकरीपर्यंत जाईल. जन्मनोंद करताना लिहिलेलं नाव सही करण्याआधी एकेक अक्षर लावून वाचायला मागा. घाई आहे असं सांगितलं तरी मागा.

तपासायचं कसं, हे उरलं. स्वतःचं लिखाण स्वतःला बरोबरच दिसतं, कारण डोळा कागद वाचत नाही, मनातलं वाचतो. म्हणून त्याला फसवावं लागतं. लिहून झालं की कागद बाजूला ठेवा आणि रात्र जाऊ द्या. तेवढा वेळ नसेल तर भाकरी करून या. मग मोठ्यानं वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांब आहे, जिथे अडखळता तिथे शब्द सुटलाय. त्यानंतर शेवटच्या ओळीपासून वर वाचत या, एकेक शब्दाखाली बोट ठेवून. अर्थाची संगती तुटली की अक्षरं दिसू लागतात. छापखान्यात पूर्वापार एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो आणि दुसरा छापलेल्या कागदावर नजर ठेवतो. गटात दोघींनी हे करायला काहीच अवघड नाही. आणि मोठ्या अक्षरांकडे मुद्दाम बघा. चुका बारीक मजकुरात असतील असं धरून आपण तिथे डोळे ताणतो, आणि फलकावर, पत्रिकेवर, पापडाच्या पाकिटावर भलंमोठं छापलेलं नावच चुकलेलं असतं.

टायपिंगच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात अर्ज करून घेत असाल, तर छापण्याआधी पडद्यावर वाचायला मागा किंवा एक साधी प्रत काढायला लावा. तो वेगानं टाइप करतो, त्याची बोटं सवयीनं चालतात, आणि सही मात्र तुमची असते. फोनवर बोलून लिहिणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं. फोन आपल्या बोलीचे शब्द त्याला माहीत असलेल्या शब्दांत बदलून टाकतो. नोकरीसाठी मुली मेसेज पाठवतात, तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी नको. देवनागरीत, नमस्कारानं सुरुवात करून, स्वतःचं पूर्ण नाव आणि कोणत्या जागेसाठी लिहिते आहे ते पहिल्या दोन ओळींत. शंका आली की बघायला अरुण फडके यांची ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ ही छोटी पुस्तिका चांगली. मुलं स्पर्धा परीक्षेला बसत असतील तर घरात मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ असण्याची शक्यता आहे. त्यातलं लेखनाच्या नियमांचं प्रकरण तेवढं काढून बसा.

एक विनंती गटाच्या जुन्या सभासदांना. नुकतंच लिहायला शिकलेल्या बाईनं इतिवृत्त लिहिलं, तर सगळ्यांसमोर तिच्या चुका मोजू नका. तिनं लिहिलंय ते बरोबर कळतंय ना, एवढं आधी सांगा. मग दोघी मिळून एकच जागा बघा, टिंबं किंवा शेवटच्या वेलांट्या, आणि बाकीचं पुढच्या बैठकीला ठेवा. धाकानं हात आखडला तर ती पुन्हा अंगठ्याकडे जाईल, आणि चुकलेल्या वेलांटीपेक्षा ते कितीतरी वाईट.

शेवटी आलेला एक प्रश्न. अर्ज देऊन झाल्यावर चूक दिसली तर? वेलांटीची असेल तर सोडून द्या. पण नाव, तारीख, रक्कम, गट क्रमांक यांत असेल तर दुसऱ्या दिवशीच एक छोटा दुरुस्ती अर्ज द्या. आधीच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक लिहा, चुकलेलं काय होतं आणि बरोबर काय ते एकेका ओळीत लिहा. यासाठीच पहिल्या अर्जाची दुसरी प्रत, शिक्का आणि तारखेसह, पोच म्हणून आपल्याकडे हवी. देताना एका प्रतीवर पेनानं काही खोडून सुधारलं असेल तर दुसऱ्या प्रतीवरही तसंच सुधारा आणि दोन्हीकडे खाडाखोडीशेजारी छोटी सही करा. पोच घरातल्या कपाटात नको, गटाच्या फायलीत लावा.